ऑटोमेशनने किती तास वाचले, हे मला पुन्हा विचारू नका

दर तिमाहीला तीच एक्सेल येते आणि तिच्यात तोच रकाना असतो. ऑटोमेशनमुळे, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायच्या टेस्ट हाताने न करता आपोआप चालवल्यामुळे, किती मॅन्युअल तास वाचले? गुरुवारपर्यंत आकडा भरा. आकडा नसेल तर टेस्टिंगवर एवढा खर्च का करायचा ते तुम्हीच सांगा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बसून पुण्याच्या कंपनीसाठी टेस्टिंग करतो. आमचं सॉफ्टवेअर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, काट्यावर चालतं. कापसाची गाडी आली की वजन, ओलावा, प्रत, भाव, काटापट्टी (वजन-भावाची पावती) आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यात चुकारा, एवढा सगळा प्रवास त्यातून होतो. त्यात काही चुकू नये म्हणून केलेल्या कामाची किंमत एका रकान्यात बसवा म्हणतात. बसवून बसवून आता माझं डोकं फिरलं आहे.

हा आकडा निघतो कसा, तेही मागणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक टेस्ट हाताने करायला दहा मिनिटं धरायची. अशा सहाशे टेस्ट रोज रात्री आपोआप चालतात. दहा गुणिले सहाशे गुणिले तीस रात्री, म्हणजे महिन्याला तीन हजार तास! त्याला टेस्टरच्या तासाच्या पगाराने गुणलं की लाखांची बचत दिसते आणि स्लाईड तयार होते. अरे, पण रोज रात्री सहाशे टेस्ट हाताने कोण करत होतं? कोणीच नाही. ऑटोमेशन येण्याआधी रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पडण्याच्या, तोंडावर दोन-तीन जण बसायचे, महत्त्वाच्या तेवढ्या टेस्ट बघायचे आणि बाकीच्या देवावर सोडायचे. जो खर्च कधी होणारच नव्हता, तो वाचला कसा?

आणि हा खोटा आकडा पुढच्या वर्षी आपल्याच नरड्याला येतो. फायनान्सवाले विचारतात, तीन हजार तास वाचले ना, मग माणसं का कमी झाली नाहीत? त्या हिशोबाने सतरा-अठरा टेस्टर कमी व्हायला हवे होते. आमच्या टीममध्ये टेस्टर होते पाच! एवढी साधी विसंगती त्या मीटिंगमध्ये एकालाही टोचली नाही. त्याच आकड्याच्या जोरावर एका मुलीचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. ओलाव्याच्या सगळ्या टेस्ट तीच सांभाळायची.

टेस्ट सांभाळायच्या असतात, हेही त्या सूत्राच्या गावी नाही. स्क्रीनवरचं एक बटण हललं की दहा टेस्ट तुटतात. काही टेस्ट कोडला हातही न लावता आज पास, उद्या फेल होतात. गुगलसारख्या ठिकाणीसुद्धा हे होतं. त्यांनीच २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये असा लहरीपणा थोडाफार आहे. त्यांच्याकडे माणसांचा तोटा नाही, तरी ही गत. आमच्याकडे अशा टेस्टच्या मागे लागायला वेळ मागितला की उत्तर मिळतं, ऑटोमेट केलंय ना, मग आता काय काम उरलं?

ओलाव्याचंच घ्या. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा पाया धरतात. त्याच्या वर जितका ओलावा तितकी भावात कपात, आणि १२ च्या वर गेला की माल परत. आमच्या जिनिंगवाल्यांनीही हिशोब तोच ठेवला आहे. १२.० चा कापूस घ्यायचा आणि १२.१ चा परत पाठवायचा, यात कोडमध्ये फरक असतो एका चिन्हाचा. ते चिन्ह चुकलं तर भाड्याचा ट्रॅक्टर करून आलेला माणूस तसाच भरल्या ट्रॉलीनिशी परत जातो आणि वाटेत खासगी व्यापारी देईल त्या भावात माल टाकतो.

एकदा एका डेव्हलपरने स्क्रीन नीट दिसावी म्हणून ओलाव्याचा आकडा पूर्णांकात आणला. आणायचा होता दिसण्यापुरता, पण तो हिशोबातही शिरला. ८.५ चा ९ झाला, म्हणजे अर्धा टक्का जास्त कपात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. त्यावर अर्धा टक्का म्हणजे क्विंटलमागे ४० रुपये ५५ पैसे, आणि पंचवीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे हजाराच्या वर. वेचणी दहा रुपये किलो धरली तर अख्ख्या एका क्विंटलची वेचणी गेली. ८.४ चा होणार होता ८, तिथे जिनिंगवाला बुडणार होता. ओलाव्याची टेस्ट रात्री लाल झाली, म्हणजे फेल गेली, सकाळी कोड दुरुस्त झाला आणि काट्यापर्यंत काही पोचलंच नाही. आता सांगा, या टेस्टने एक्सेलमध्ये त्या रात्री काय कमावलं? दहा मिनिटं. हजारो शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकण्यापासून वाचल्या त्याची किंमत दहा मिनिटं लावतात ही माणसं!

रात्रभर जागलीला बसलेल्या माणसाला सकाळी कोणी विचारतं का, बाबा, किती तास वाचवलेस? रानडुक्कर वावरात शिरलं की नाही, एवढंच पाहतात.

आणि ज्याने मी खरा पेटलो ती गोष्ट पुढे आहे. आमच्याकडे काही टेस्ट अशा होत्या, ज्या पट्टी तयार होत असताना मध्येच नेट तोडायच्या. वजन सेव्ह झालं आणि लाईन गेली, पट्टी अर्धी पोचली आणि नेट गेलं, नेट परत आल्यावर तीच पट्टी पुन्हा पाठवली गेली, असे शेकडो प्रकार. हे हाताने करून पाहणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. सेकंदाच्या नेमक्या कोणत्या तुकड्यात वायर काढणार? म्हणून ते हाताने कोणी कधी केलंच नव्हतं आणि त्याला किती मिनिटं धरायची हेच ठरत नाही. मग सूत्राप्रमाणे या टेस्टनी वाचवलेले तास किती? शून्य. आणि लॉगिनचं पान उघडतं का, ही शेंबडं पोरही दोन मिनिटांत बघेल अशी टेस्ट मात्र रोज रात्री तास कमावते. जे माणसाला जमतच नाही त्याला किंमत शून्य आणि जे कोणालाही जमतं त्याला भाव! पुण्यात ठरलं की नेट तोडणाऱ्या टेस्टमुळे रात्रीचा रन लांबतो, क्लाउडचं बिल वाढतं आणि त्यांची बिझनेस व्हॅल्यू कमी आहे. बंद केल्या. मी लेखी विरोध केला. उत्तर आलं, डेटा दाखवा.

डेटा हंगामात दिसला. ऐन गर्दीत एका जिनिंगवर लाईन गेली, परत आली आणि एकेका गाडीच्या दोन-दोन पट्ट्या निघाल्या. हिशोब जुळेना, म्हणून त्या दिवसाचे सगळेच चुकारे अडकले. कंपनीचा सपोर्ट पुण्यात आणि मी इथे, म्हणून फोन मला.

"काहून बाबू, माह्या एकाच गाडीच्या दोन पट्ट्या कशा निंगाल्या? अन् पैसे तं एकीचेबी नाही आले."

"पाह्यतो काका, मी बोलतो त्यायच्यासंग."

"तू पाह्यत राह्य. माही हरभऱ्याची पेरणी लांबून राह्यली ना! कृषी केंद्रवाला उधारीवर बियाणं देत नाही म्हणते."

या माणसाची लांबलेली पेरणी कोणत्या रकान्यात टाकायची? अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००२ मध्ये एक अहवाल काढला होता. सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे त्या देशाचं वर्षाला सुमारे ५९.५ अब्ज डॉलरचं नुकसान होतं, त्यातलं २२.२ अब्जांचं टेस्टिंग सुधारून टाळता येईल, आणि निम्म्याहून जास्त भार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांवर पडतो, असा त्यांचा हिशोब होता. बनवणाऱ्यांवर कमी, वापरणाऱ्यांवर जास्त. आमच्या एक्सेलमध्ये वापरणारा कुठेच नाही. कंपनीचा पगार वाचला तर ती व्हॅल्यू, आणि काकांचे पैसे अडकले तर तो सपोर्टचा कॉल.

हे मीटिंगमध्ये बोललं की ठरलेलं उत्तर येतं, जे नुकसान झालंच नाही ते तुम्ही मोजता कसं? मग ज्यांचं झालं त्यांचं बघा ना. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचा नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर चढलाच नव्हता. तिथे पडून राहिलेला जुना कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या सिस्टिमवर नेताना गोंधळ घातला. लोकांना आपलेच पैसे दिसेनात. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६.५ लाख पौंडांचा दंड लावला. एवढे मोठे आकडे आपले नाहीत, मान्य. मग आपले काढा! काटा किती तास बंद होता, किती पट्ट्या हाताने दुरुस्त केल्या, किती चुकारे उशिरा गेले, कोणता जिनिंगवाला त्यानंतर दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बघायला लागला, हे सगळं आपल्याच सर्व्हरवर आणि आपल्याच फोनच्या नोंदीत पडलं आहे. ते उघडायला कोणी तयार नाही, कारण ते उघडलं की टेस्ट बंद करायला कोणी सांगितलं हेही उघडं पडतं.

तासांऐवजी कव्हरेज दाखवा, असंही मध्ये निघालं होतं. ९० टक्के कोडवरून टेस्ट गेली म्हणे. गेली तर खरी, पण उत्तर बरोबर आलं का हे तिने पाहिलंच नाही तर त्या जाण्याचा उपयोग काय? टार्गेट लावलं की लोक काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात आणि टक्के भरतात. डोळ्यांनी पाहिलंय.

मोजायला माझा विरोध नाही. मोजाच, पण धंद्याला जे दिसतं ते मोजा. डोरा नावाच्या संशोधनातून आलेली चार मापं जगभर वापरतात: रिलीज किती वेळा होते, लिहिलेला बदल लोकांच्या हातात जायला किती वेळ लागतो, किती बदल बिघडतात आणि बिघडल्यावर किती वेळात सावरता. ही चारही आमच्या काट्याला जशीच्या तशी लागू पडतात. भाव बदलला की पूर्वी तो काट्यावर जायला दोन आठवडे लागायचे, कारण सगळं हाताने तपासायचे. आता संध्याकाळी बदल आला तर सकाळी पहिल्या गाडीला नवा भाव लागतो. जिनिंगवाला यासाठी पैसे मोजतो. त्याच्याशी करार करताना सेल्सवाले हेच छातीठोकपणे सांगतात, आणि तिमाहीच्या एक्सेलमध्ये याला साधी ओळसुद्धा नाही!

मी मेल टाकली आहे, सगळ्यांना सीसी करून. नवा कापूस हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. त्याच्या आत नेट तोडणाऱ्या टेस्ट परत चालू झाल्या पाहिजेत आणि ओलाव्याच्या टेस्ट सांभाळणारं माणूस परत यायला हवं. चालू करायच्या नसतील तर ज्याने बंद केल्या त्याने तसं लिहून, खाली सही करून द्यावं. ते पत्र मी प्रत्येक जिनिंगच्या मॅनेजरला नेऊन दाखवणार आहे.