'मंद' की 'मंद्र': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'बासरी कानानं शिकतात, वहीनं नाही. मंद्र लिहा नाहीतर मंद, सूर तोच लागतो. मींड ही तर चक्क चूक. पंडिती मिरवू नका. तुमचे गुरू कोण?' असं तुम्ही बासरीच्या वह्यांतल्या शुद्धलेखनावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत.

मतभेदाला माझी हरकत नाही, 'मिरवू नका' या भाषेला आहे. बासरी शिकणाऱ्यांच्या वह्या मी वर्षानुवर्षं तपासतो. लेखातला एकेक शब्द त्या वह्यांतूनच आलाय. तुम्ही किती वह्या पाहिल्यात?

'मींड'चं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्याच्या नावाचं म्हणाल, तर अनुस्वाराआधीचा इकार मराठी शब्दांत ऱ्हस्व असतो. भिंत, चिंच तसं मिंड. मान्य. संगीताच्या पुस्तकांत दीर्घ रूप रुळलंय, म्हणून मी ते लिहितो.

पण 'सूर तोच लागतो'? नाही लागत. मंद्र म्हणजे खोल, गंभीर; खालच्या सप्तकाचं ते नाव. मंद म्हणजे हळू, क्षीण. वहीत 'मंद सप्तक' वाचलं की मुलं फुंकच क्षीण करतात. सहा स्वरछिद्रांच्या बासरीवर वरची तीन बंद केली की सा, आणि मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या 'प'ला, सहाही बंद. तिथे फुंक सावकाश हवी, पण भरपूर हवी. ओठ जरा सैल, फट किंचित रुंद. फुंक क्षीण पडली की पंचम नुसता फुसफुसतो. मग मूल बिचकून जोर लावतं आणि सूर उडून मध्य पंचमावर, म्हणजे मधल्या सप्तकातल्या 'प'वर जातो, कारण बोटं दोन्हींना तीच. पांढरी तीन या पट्टीच्या लांब बासरीवर तर हे हमखास होतं. भातखंडे स्वरलेखन पद्धतीत मंद्र स्वराखाली टिंब देतात खरं, पण घाईत उतरवताना पहिलं गळतं ते टिंबच. मग आधार उरतो तो वर लिहिलेल्या शब्दाचा, आणि तोही चुकीचा!

'द्रुत'चं 'दृत', 'षड्ज'चं 'षडज', 'विलंबित'चं 'विलंबीत' यांनी फुंक बिघडत नाही, हे लेखात स्पष्ट लिहिलंय. शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं. ते शब्द तत्सम आहेत, मुळाप्रमाणेच लिहायचे, एवढंच तिथे म्हणणं आहे. गुरूंच्या चौकशीला मी उत्तर देणार नाही.

तुमच्याकडे कुणी शिकत असेल आणि त्याचा मंद्र पंचम फुसफुसत असेल, तर खालच्या हाताची अनामिका सहावं छिद्र पुरतं झाकते का ते आधी पाहा. ती नीट बसत असेल, तर त्याची वही मागून घ्या आणि त्या सप्तकाचं नाव त्यानं काय लिहिलंय ते वाचा.