हिरवी पाटी कशी मिळवावी

आपली सोसायटी पुनर्विकासाला निघाली असून नवी इमारत 'ग्रीन' असावी, म्हणजे तिला हरित मानांकनाची पाटी मिळावी, असा ठराव विशेष सर्वसाधारण सभेत सामोसे येण्यापूर्वीच एकमताने मंजूर झाला, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. सहकार कायद्यातल्या पुनर्विकासाच्या कलम 79 अ ची कागदपत्रे, भाड्याचे चेक आणि कॉर्पसची रक्कम यांवरून व्हायची ती भांडणे होतीलच. पर्यावरणाबद्दल मात्र कोणाचे दुमत नसते, कारण त्याचा खर्च बिल्डर करणार असतो.

सुरुवात पाडकामापासून करावी. सध्याची इमारत चार मजल्यांची, नऊ इंची विटांच्या भिंतींची आणि खिडक्यांवर दोन फुटांचे छज्जे असलेली आहे. हॉलच्या खिडकीतून शिरलेला वारा स्वयंपाकघरातून बाहेर पडतो आणि मे महिन्यातही दुपारची झोप नुसत्या पंख्यावर निभते. स्ट्रक्चरल ऑडिटने तिला 'सी-2 बी' ठरवले आहे, म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्त होण्याजोगी. अशा इमारतीत हरित म्हणून दाखवण्यासारखे काहीच नसते, कारण तिने जे वाचवायचे ते चाळीस वर्षे गुपचूप वाचवले आणि एकाही गोष्टीची पावती ठेवली नाही. तेव्हा ती पाडावी, डेब्रिजचे डंपर कुठे रिकामे होतात याची चौकशी करू नये, आणि तिच्या जागी बत्तीस मजले उभे करावेत. सिमेंट बनवताना चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते आणि निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर खुद्द चुनखडीतून सुटतो, असे सभेत कोणी बोललेच, तर त्याला फ्लाय ॲशचे, म्हणजे वीजकेंद्रांतल्या कोळशाच्या राखेचे, नाव सांगून खाली बसवावे. पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश भारतीय मानकाप्रमाणे असतेच आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. परंतु सगळे वापरतात तेच आपण वापरले, याचेही गुण मानांकनाच्या अर्जात मागता येतात.

गुणांची ही पद्धत एकदा समजून घेतली की मनावरचे दडपण उतरते. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल 2001 पासून आहे, 'गृह' ही राष्ट्रीय मानांकन पद्धत 2007 पासून आहे, आणि अमेरिकेची 'लीड' आपल्याकडेही मुक्कामाला आहेच. सगळीकडे काही अटी सक्तीच्या आणि उरलेले बरेचसे गुण ऐच्छिक असतात. 'लीड'मध्ये एकूण 110 गुण आहेत आणि 80 पडले की प्लॅटिनम मिळते. म्हणजे दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'प्रमाणे नावडता विषय सोडूनही गुणवत्ता यादीत येता येते. जुनी इमारत राखल्याचे गुण त्या यादीत नाहीत असे कोण म्हणतो? आहेत, फक्त सोडून देता येतात. सायकलींच्या सोयीचा 1 गुण मात्र सोडू नये. स्टँड सात मजली पार्किंगच्या तळाशी, रॅम्पच्या अशा वळणावर ठेवावा की तिथवर सायकल नेण्याचे धाडस कोणी करणार नाही. लॉबीला संगमरवर इटलीहून मागवावा आणि तो ज्या गोंदाने चिकटवाल, तो गोंद कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत कमी रासायनिक वाफा सोडणारा, घ्यावा. गुण गोंदाचे असतात.

सर्वांत मोठी कमाई विजेच्या बचतीत आहे. 'लीड'च्या चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतीला त्यासाठी 18 पर्यंत गुण मिळतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की ही बचत आपल्या जुन्या इमारतीच्या बिलाशी ताडून पाहत नाहीत. संगणकावर आपल्याच टॉवरचा एक काल्पनिक जुळा भाऊ उभा करतात, त्याला साधी काच आणि बेताची यंत्रे बसवतात, आणि आपला टॉवर त्याच्याहून किती टक्के कमी वीज खाईल हे काढतात. रोज बारा जिलब्या खाणारा भाऊ कल्पिला की रोज नऊ जिलब्या खाणारा मधुमेही पंचवीस टक्क्यांनी सुधारलेला दिसतो, तसेच हे आहे. जिलबीला शिवतसुद्धा नाही अशा माणसाची, म्हणजे आपल्या जुन्या चार मजल्यांची, या हिशेबात कुठे गाठच पडत नाही. आपले सभासद आज पंख्याखाली झोपतात, उद्या तीन खोल्यांत तीन एसी लावून झोपतील आणि तरीही अहवालात बचत दिसेल. यात फसवणूक काहीच नाही. तुलनेची पद्धतच तशी आहे.

एसी लागावा यासाठी आर्किटेक्टला थोडे सहकार्य करावे. छज्जे काढून टाकावेत, कारण ते इलेव्हेशनमध्ये शोभत नाहीत, आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच घ्यावी. निवासी इमारतींसाठी 2018 साली आलेली 'इको निवास संहिता' भिंतींतून आणि काचांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा घालते. ती गाठायला छज्ज्यापेक्षा महागडी कोटिंगची काच अधिक प्रतिष्ठित दिसते. उत्तरेला तर बिनधास्त काच लावावी, कारण उत्तरेकडून ऊन येत नाही असे थंड देशांतल्या पुस्तकांत लिहिलेले असते. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येणारा शून्य सावलीचा दिवस येतो आणि या दोहोंच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, ही बातमी त्या पुस्तकांपर्यंत अजून पोहोचायची आहे.

नव्या फ्लॅटला कपडे वाळत घालण्याची जागा ठेवू नये. गॅलरी कार्पेट एरियात जाते आणि ग्रिलबाहेरच्या दोरीने टॉवरची शान जाते, म्हणून तसा नियमच करावा. मग घरोघरी ड्रायर येतात आणि जे काम बाहेरचा वारा फुकट करीत होता, ते वीज करू लागते. घेताना ड्रायर वीज वाचवणारा घ्यावा, एवढीच विनंती.

सांडपाणी शुद्ध करून फ्लशला पुरवणाऱ्या एसटीपीबद्दल मला थोडे अधिकाराने बोलता येते. माझ्या एका आप्तांच्या गोल्ड टॉवरमध्ये मी बेसमेंटात उतरून तो पाहिला आहे. तिथल्या वहीत ब्लोअर चोवीस तास सुरू असल्याच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, येत्या रविवारपर्यंत भरलेल्या होत्या; तो दिवस गुरुवार होता. ब्लोअर प्रत्यक्षात रात्री दहाला बंद होत असे, कारण आवाजाने खालच्या मजल्यांची झोपमोड होई आणि बिलही वाढे. टाकीतल्या जिवाणूंना हवा लागते, ती रात्रभर मिळाली नाही की ते मरतात, आणि सकाळी फ्लशमधून पिवळट, वासाचे पाणी येते. रहिवाशांनी तक्रार केली, तेव्हा कमिटीने तत्परतेने फ्लशची लाइन टँकरच्या टाकीला जोडून दिली. गोल्डची पाटी लॉबीत होती तशीच आहे. आपण वही आधीच छापून घ्यावी.

गच्चीवर सौर पॅनेल अवश्य बसवावीत, पण भागाकार करू नये. एका किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली वगळून गच्चीवर 250 चौरस मीटर उरले, तर 25 किलोवॉट बसतील. बत्तीस मजल्यांवर पाच-पाच फ्लॅट म्हणजे 160 घरे, आणि घरटी वाटणी सुमारे 156 वॅट. भर उन्हात जुन्या पद्धतीचे दोन पंखे त्यावर फिरतील. आपल्या चार मजल्यांवर हाच भागाकार बरा आला असता, पण तो विषय पाडकामाबरोबर संपलेला आहे.

आता फाटकाजवळचा आंबा. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक वर्षांच्या झाडाला 'हेरिटेज' ठरवले आणि तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्यास सांगितले. तेव्हा आंब्याचे वय कोणाच्या आजीला विचारू नये. पोडियमच्या स्लॅबवर दीड फूट मातीत लॉन अंथरून त्याला ब्रोशरमध्ये 'अर्बन फॉरेस्ट' म्हणावे. ब्रोशर कधी छापावे, हा प्रश्नही सुटलेला आहे: आराखड्यांच्या आधारे प्री-सर्टिफिकेशन मिळते, त्यामुळे पायाचा खड्डा खणण्यापूर्वीच पानोपानी हिरवा शिक्का मारता येतो. बाजारात तुरी असताना भटाने भटणीला मारल्याची गोष्ट आपण लहानपणी हसून ऐकली. त्या तुरींवर सव्वा टक्का जादा दर लावता येईल, हे भटाला सुचले नव्हते.

पाटी आली की लॉबीत लावावी आणि तिच्यावर दिवसरात्र एक स्पॉटलाइट ठेवावा. फोटोग्राफर येण्यापूर्वी वॉचमनकाकांकडे लक्ष द्यावे. त्यांची केबिन पत्र्याची असून मानांकनात धरलेली नसते, म्हणून दुपारी बारानंतर ते खुर्ची उचलून समोरच्या सोसायटीच्या आंब्याखाली जाऊन बसतात आणि फोटोत फाटक रिकामे दिसते. त्यांना तेवढ्यापुरते परत बोलवावे. समोरच्यांचीही पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आहे, असे काकाच सांगत होते. आपला अनुभव त्यांना जरूर कळवावा.