लांबी जुळली म्हणजे कॉमन मोड संपला असं नाही

हाय-स्पीड बोर्डचं लेआउट करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: डिफरेन्शियल पेअरला (एकच सिग्नल एकमेकांच्या उलट रूपात नेणाऱ्या दोन ट्रेस, म्हणजे तांब्याच्या वाटा) व्हायांची (एका लेयरवरून दुसऱ्यावर नेणारी तांबं चढवलेली भोकं) काळजी करू नका. दोन्ही ट्रेसवर सारख्याच व्हाया द्या, एकूण लांबी जुळवा, कॉमन मोड नॉइज (दोन्ही ट्रेसवर एकाच दिशेने वाहणारा नको असलेला भाग) होणारच नाही. रिटर्न करंट (सिग्नलचा परत फिरणारा करंट) एका ट्रेसमधून जाऊन दुसऱ्यातून परत येतो, म्हणून शेजारी ग्राउंड व्हाया म्हणजे जागेची नासाडी. आणि एवढं करून थोडा कॉमन मोड उरलाच, तर रिसीव्हर तो गाळून टाकतो.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच ते पटतं. पण नव्याने लेआउट करणारी मुलं याच भरवशावर बोर्ड बनवायला देतात आणि ईएमआय चाचणीत (बोर्ड बाहेर किती विद्युतचुंबकीय गोंगाट फेकतो, ते मोजणाऱ्या) अडकली की आठवडेच्या आठवडे भलत्याच जागी शोधत बसतात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ‘सारख्याच व्हाया’. दोन व्हाया आणि त्यांच्या भोवतीचं तांबं आरशात पाहावं तसं एकमेकांसारखं असेल, तर शुद्ध डिफरेन्शियल सिग्नलमधून कॉमन मोड तयार होत नाही, हे अगदी खरं. पण सल्ल्यातून नेमकं ते भोवतीचं तांबंच गळालेलं असतं. व्हायाचा इंडक्टन्स तिच्या एकटीचा नसतो. रिटर्नची वाट तिच्यापासून किती दूर आहे, त्यावर तो ठरतो. कपॅसिटन्स ठरतो अँटीपॅडची (व्हायाभोवती तांब्याच्या थरात सोडलेल्या मोकळ्या जागेची) कड किती जवळ आहे त्यावर. ड्रिल एकच, पॅड एकच, पण एकीशेजारी ग्राउंड व्हाया आहे आणि दुसरीशेजारी नाही. किंवा एकीचा अँटीपॅड शेजारच्या पॉवर व्हायाच्या अँटीपॅडमध्ये मिसळून गेलाय. झालं, दोघींचा इम्पिडन्स वेगळा, उशीरही वेगळा. त्या फरकापुरता डिफरेन्शियल सिग्नल कॉमन मोडमध्ये बदलतो.

माझ्या एका बोर्डवर हेच झालं होतं. पेअर वरच्या लेयरवरून खालच्या लेयरवर उतरत होती, लांबीचा रिपोर्ट हिरवागार, आणि केबल जोडली की १ गिगाहर्ट्झच्या वर एक शिखर मर्यादा ओलांडून उभं. लेआउट मोठं करून पाहिलं तेव्हा दिसलं: पॉझिटिव्ह व्हायाच्या बाजूला ग्राउंड व्हाया होती, निगेटिव्हच्या बाजूला तिच्या जागेवर एका कपॅसिटरचा पॅड बसला होता. पुढच्या आवृत्तीत कपॅसिटर सरकवला, दुसरी ग्राउंड व्हाया तेवढ्याच अंतरावर बसवली. शिखर मर्यादेच्या खाली आलं. ट्रेसच्या लांबीला हातही लावला नव्हता.

आता लांबी. एकूण लांबी जुळली की शेवटच्या टोकाला दोन्ही सिग्नल एकाच वेळी पोचतात, एवढंच त्यातून कळतं. मधल्या वाटेत काय झालं, ते कळत नाही. एफआर-४ मध्ये (बोर्डच्या नेहमीच्या साहित्यात) आतल्या लेयरवर १ मिमी म्हणजे साधारण ७ पिकोसेकंद. व्हायांची जोडी ट्रेसच्या दिशेला तिरकी ठेवली, तर एवढा फरक सहज पडतो. प्रत्येक ट्रेसवर ४०० मिलिव्होल्टचा स्विंग आणि ५० पिकोसेकंदांचा राइझ टाइम (सिग्नल चढायला लागणारा वेळ) धरा. ७ पिकोसेकंदांच्या स्क्यूमुळे (दोन सिग्नलांमधल्या वेळेच्या फरकामुळे) दोन्हींची सरासरी प्रत्येक एजला सुमारे २८ मिलिव्होल्टने उसळते. ही उसळी हाच कॉमन मोड. पुढे रिसीव्हरजवळ सर्पाकृती वळणं देऊन फरक भरून काढला, तरी मधल्या सगळ्या वाटेवर आणि मधल्या प्रत्येक व्हायातून तो कॉमन मोड गेलेलाच असतो. फरक जिथे पडला, तिथेच भरायला हवा, व्हायाच्या आधी.

कारण खरं नुकसान व्हायापाशी होतं, आणि इथे तो ‘रिटर्न करंट दुसऱ्या ट्रेसमधून’ हा मुद्दा कोसळतो. नेहमीच्या बोर्डवर ट्रेसचं एकमेकांशी जितकं कपलिंग असतं, त्याहून जास्त खालच्या प्लेनशी (ग्राउंड किंवा पॉवरच्या तांब्याच्या सलग थराशी) असतं. दोन्ही ट्रेसखालचे प्लेनमधले करंट समान आणि उलट असतात, म्हणून डिफरेन्शियल भागाचं लेयर बदलताना निभावून जातं. कॉमन मोडचं मात्र निभत नाही. दोन्ही ट्रेसवर तो एकाच दिशेने वाहतो, त्याच्या रिटर्नला एका प्लेनवरून दुसऱ्यावर जायला वाट लागते. जवळ ग्राउंड व्हाया नसेल, तर तो दोन प्लेनमधल्या पोकळीत शिरतो. १०० मिमी लांबीच्या प्लेनची पहिली रेझोनन्स ७५० मेगाहर्ट्झच्या आसपास येते, पुढच्या त्याहून वर. पोकळीत शिरलेली ही ऊर्जा बोर्डच्या कडांपर्यंत जाते आणि वाटेतल्या इतर व्हायांमध्ये उतरते. ड्रायव्हरच्या दोन आउटपुटमध्येही थोडा स्क्यू असतोच, त्यामुळे ‘आमच्या पेअरवर कॉमन मोड नाहीच’ असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

व्हायाच्या स्टबलाही (सिग्नल ज्या लेयरवर बाहेर पडतो, त्यापलीकडे उरलेल्या व्हायाच्या तुकड्यालाही) बरेचदा याच खात्यात टाकतात. ते बरोबर नाही. दोन्ही व्हायांना सारखाच स्टब असेल, तर तो डिफरेन्शियल सिग्नल खातो, कॉमन मोड निर्माण करत नाही. बॅक-ड्रिलिंगचं, म्हणजे तो तुकडा ड्रिलने काढून टाकण्याचं, कारण वेगळं आहे.

राहिला रिसीव्हर. कॉमन मोड नाकारायची त्याची ताकद फ्रिक्वेन्सी वाढेल तशी घटते, पण तेही सोडून देऊ. रिसीव्हरने गाळला तरी केबलवरून बाहेर पडणारा गोंगाट थांबत नाही. एफसीसीच्या (अमेरिकेतल्या नियामक संस्थेच्या) क्लास बी, म्हणजे घरगुती उपकरणांच्या, मर्यादेत ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढंच चालतं, आणि ५० मेगाहर्ट्झला १ मीटरच्या केबलवर सुमारे ५ मायक्रोअँपियर कॉमन मोड करंट तेवढं करायला पुरतो. गिगाहर्ट्झमध्ये आकडे बदलतात, पण खेळ मायक्रोअँपियरचाच राहतो. वरची २८ मिलिव्होल्टची उसळी दोन ५० ओहम ट्रेसवर मिळून क्षणभर १ मिलिअँपियरच्या आसपास करंट देते. त्यातच, दोन ट्रेसमध्ये लावलेला १०० ओहमचा रेझिस्टर कॉमन मोडला दिसतच नाही. दोन्ही टोकं एकाच व्होल्टेजला असतात, म्हणून कॉमन मोड परावर्तित होऊन मागे फिरतो. ५०-५० ओहमचे दोन रेझिस्टर लावून मधोमध ग्राउंडला कपॅसिटर दिला, तर तो बराच शोषला जातो. पण हे रेझिस्टर रिसीव्हरपाशी असतात, आणि कॉमन मोड केबलवर चढतो तो त्याच्या कितीतरी आधी, कनेक्टरपाशी.