'सुटले' म्हणण्याची मुभा

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली मरणाविषयीची कादंबरी म्हटली की एक ठरलेला साचा डोळ्यांसमोर येतो: सोळा-सतरा वर्षांची आजारी मुलगी, तिच्या शेवटच्या इच्छांची यादी आणि जाता जाता सगळ्यांना जगायला शिकवून गेलेली ती. अशी पुस्तके वाचून मी रडलेही आहे. आता मात्र मला त्यांचा राग येतो, कारण त्यांत मरणाऱ्याला सुखाने मरूही देत नाहीत. आधी त्याने मागे राहणाऱ्यांची शिकवणी घ्यायची असते.

पॅट्रिक नेस यांची 'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११) मला म्हणूनच वेगळी वाटते. तिची मूळ कल्पना शिवॉन डाऊड या लेखिकेची. २००७ साली कर्करोगाने त्या गेल्या आणि ती कथा नेस यांनी लिहिली. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने अंथरुणाला खिळली आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी एका झाडाचा राक्षस त्याच्याकडे येतो, तीन गोष्टी सांगतो आणि चौथी, खरी गोष्ट त्याच्याकडून मागतो. ती कॉनरच्या रोजच्या दुःस्वप्नात आहे: कड्यावरून कोसळणाऱ्या आईचा हात त्याने धरलेला असतो आणि तो सुटत नाही, तो सोडतो. आई जगावी असे त्याला मनापासून वाटते आणि हे सगळे एकदाचे संपावे असेही तितकेच वाटते.

माझे वडील दीर्घ आजाराने गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. भेटायला आलेली मोठी माणसे "सुटले हो बिचारे" असे उघड म्हणत होती आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नव्हते. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर थांबली होती आणि त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. हे मात्र मी पुढची वीस वर्षे कुणालाही सांगितले नाही. मोठ्यांच्या तोंडी जे सांत्वन होते, तेच माझ्या मनात आले तेव्हा मला पाप वाटले. "कशाला हे अभद्र वाचतेस" म्हणून मुलांच्या हातून अशी पुस्तके काढून घेणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की अभद्र विचार पुस्तक येण्याआधीच तिथे असतो.

कॅथरीन पॅटरसन यांची 'ब्रिज टू टेराबिथिया' (१९७७) थोड्या लहान मुलांसाठी आहे, पण धीट आहे. लेखिकेच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेली, त्यातून ती लिहिली गेली. कादंबरीतला जेस शिक्षिकेबरोबर चित्रे पाहायला जातो, आपली मैत्रीण लेस्ली हिलाही बरोबर घ्या असे म्हणता आले असते हे त्याला वाटेत सुचते, तरी एकट्यानेच जाण्याचा छुपा आनंद होतो, आणि त्याच दिवशी ओढ्यावरचा दोर तुटून ती मरते. बातमी कळल्यावर वर्गात सर्वांत वेगाने धावणारा आता आपणच, असा विचारही त्याच्या मनात चमकून जातो. हे वाक्य लिहायला लेखिकेला किती बळ लागले असेल!

पुढे लेस्लीने भेट दिलेले रंग तो रागाने पाण्यात भिरकावून देतो. एरवी कामाच्या रगाड्यात दूर राहणारा बाप त्याच्या मागोमाग आलेला असतो. हा शुद्ध वेडेपणा झाला, एवढेच तो म्हणतो, शेजारी मातीत बसतो आणि त्या दहा वर्षांच्या मुलाला तान्ह्या बाळासारखे मांडीवर ओढून घेतो.