हनन्या जमिनीपायी मेला नाही

गुरुवारी रात्री साडेदहाला आत्याचा फोन. मिरजेजवळ तिची चौदा गुंठे जमीन आहे, हळद लावते. "विकावी लागंल का रे ती? नाहीतर हनन्यासारखं होतं म्हणे."

तिला आलेला मेसेज दुसऱ्या दिवशी मलाही तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: बायबलमधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं स्वतःचं काही नव्हतं, हनन्यानं पैसे मागे ठेवले म्हणून देवानं त्याला जागीच मारलं, हटराइट या ख्रिस्ती पंथाचे लोक पाचशे वर्षं सगळं सामाईक ठेवून राहतात, साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनीही हेच केलं. सबब, खऱ्या विश्वासणाऱ्यानं महिनाअखेरपर्यंत जमीन विकून रक्कम 'सामाईक निधी'त भरावी. खाली खातेक्रमांक.

वाटून खाणं ख्रिस्ती नाही, असं मी म्हणणार नाही. 2019 च्या महापुरात सांगलीत आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही अकरा माणसं नऊ दिवस याच आत्याच्या दोन खोल्यांत होतो. तिचं पीठ, शेजारणीचा गॅस, आमच्याकडचे उरलेसुरले पैसे, सगळं एका डब्यात. सातबारा कुणी मागितला नव्हता.

पहिला मुद्दा. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात सामाईक मालमत्तेचं वर्णन आहे, मान्य. पण त्याच पुस्तकाचा बारावा अध्याय उघडा. येशूचा प्रेषित पेत्र तुरुंगातून सुटून मार्कच्या आईच्या, मरीयेच्या घरी येतो. घर यरुशलेमातच, आणि तिचंच. तिनं ते विकलं असतं तर मध्यरात्री त्यानं दार कुणाचं ठोठावलं असतं?

आता हनन्या. बर्णबा नावाच्या विश्वासणाऱ्यानं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले. ते बघून हनन्यानंही जमीन विकली, थोडे पैसे बायकोच्या संमतीनं मागे ठेवले आणि उरलेले 'हे सगळे' म्हणून पुढे केले. त्यावर पेत्र काय म्हणतो, ते पाचव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आहे: विकण्याआधी जमीन तुझीच होती ना? विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? म्हणजे विकायची सक्ती नव्हती, विकल्यावर सगळं द्यायचीही नव्हती. तो मेला तो खोटं बोलला म्हणून. मेसेजवाल्यानं तिसरं वचन दिलंय, पाचवं दिलंय आणि मधलं चौथं गाळलंय. हे चुकून होत नसतं. अन् सदुसष्ट वर्षांची विधवा बाई ते वाचून रात्रभर जागी राहते. मला राग आलाय तो याचा.

हटराइटांचं निम्मं खरं आहे. 1528 मध्ये त्यांनी मालमत्ता सामाईक ठेवायला सुरुवात केली, पण मध्ये बराच काळ त्यात खंडही पडला. ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या याकोब हुटरला 1536 मध्ये इन्सब्रुकला जाळलं. आज कॅनडा-अमेरिकेत त्यांच्या वसाहती आहेत. पण तिथं माणूस त्या जमिनीवरच राहतो, सगळ्यांसोबत एका पंगतीत जेवतो, म्हातारपणी त्याला तिथलेच लोक सांभाळतात. पैसे खात्यात गेले आणि आत्या तिच्या गळक्या पत्र्याखालीच राहिली, याला काय म्हणायचं? शिवाय मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: मॅनिटोबातल्या वसाहतीतून काढून टाकलेल्या काही जणांनी आपला वाटा मागितला, तर 1970 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला. दिलेलं परत मिळत नाही, हे विकायच्या आधी कळायला नको?

मठांचंही तसंच. संत बेनेडिक्टनं ख्रिस्ती मठांसाठी लिहिलेल्या नियमात साधूला स्वतःची लेखणीसुद्धा ठेवता येत नाही. पण आत घेण्याआधी वर्षभरात तीनदा तो नियम नवख्याला वाचून दाखवायचा, मगच त्यानं आपलं किडुकमिडुक गरिबांना वाटायचं किंवा मठाला द्यायचं. आत्याला मिळाले होते अठरा दिवस.

टिळकांवर फार लिहीत नाही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांचं नाव खातेक्रमांकाच्या वर छापायला लाज वाटायला हवी होती.

आत्यानं शेवटी पाठवणाऱ्याला एवढंच विचारलं, "खातं कुणाच्या नावावर हाय?" उत्तर आलं: 'हिशेब विचारणं हे अविश्वासाचं लक्षण.' मी तिला त्याच पाचव्या अध्यायातलं आठवं वचन वाचून दाखवलं. 'जमीन एवढ्यालाच विकली का?' असं पेत्रानं हनन्याच्या बायकोला, सप्पीरेला, स्वतःच विचारलं होतं.