कॉलर आवळून स्प्रिंग कडक होत नाही

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि लातूर येथील गाडीप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश पुन्हापुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: बाजारातले कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) घरच्या घरी दोन तासांत बसतात, स्प्रिंगखालची कॉलर (आट्यांवर फिरणारी कडी) जितकी आवळाल तितकी स्प्रिंग कडक होते, गाडी जितकी खाली तितकी पकड चांगली, चारही बाजूंची उंची टेपने सारखी केली की अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याची, गरज उरत नाही, महामार्गावर शॉकअपच्या स्क्रूचे सगळे क्लिक (टप्पे) बंद ठेवावेत, म्हणजे तो पूर्ण आवळावा, कायद्याची काही अडचण येत नाही, आणि काढलेले मूळ शॉकअप विकून थोडा खर्च भरून काढावा. मी कॉइलओव्हरच्या विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला ते लावलेले आहेत आणि ते काढण्याचा माझा विचारही नाही. मात्र या संदेशातल्या बहुतेक विधानांत खऱ्याचा एक तुकडा असल्यामुळे ती लगेच पटतात, आणि त्यांच्या भरवशावर पाना हातात घेणाऱ्याचे नुकसान होते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग मुळातच गुंडाळलेली असते. कॉइलओव्हरचे वेगळेपण एवढेच, की त्याच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक त्या आट्यांवर वरखाली करता येते. मागच्या बाजूला यांपैकी अनेक गाड्यांत टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी आडवी तुळई) असतो आणि स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळ्या जागी बसतात; तिथे संचात मिळते ती छोटी स्प्रिंग, उंची जुळवायची तबकडी आणि वेगळा शॉकअप. त्यामुळे चारही चाकांना एकच रीत लावणारा सल्ला इथेच अडखळतो.

सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत चुकीचा मुद्दा कॉलरचा आहे. समजा, पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगला 300 किलो भार पेलायचा आहे आणि स्प्रिंग 5 किलो प्रति मिलिमीटरची आहे, म्हणजे ती 1 मिलिमीटर दाबायला 5 किलो भार लागतो. गाडीच्या वजनाखाली ती 60 मिलिमीटर दबेल. आता चाक हवेत असताना कॉलर आवळून स्प्रिंग आधीच 10 मिलिमीटर दाबून ठेवली, तर तिच्यात 50 किलोचा ताण साठतो. गाडी जमिनीवर टेकवल्यानंतरही स्प्रिंगला एकूण 60 मिलिमीटरच दबायचे असते. त्यातले 10 आधीच झालेले असल्यामुळे शॉकअप फक्त 50 मिलिमीटर आत जातो आणि गाडी 10 मिलिमीटर वर उभी राहते. त्या कोपऱ्यावर आणखी 50 किलो भार आला तर गाडी पूर्वी 10 मिलिमीटर बसत होती, आताही 10 मिलिमीटरच बसते. बदलली ती उंची. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि वेढ्याचा व्यास यांवर ठरतो, आणि यांपैकी काहीही कॉलर फिरवल्याने बदलत नाही.

यावर एक हरकत हमखास घेतली जाते, की असमान वेढ्यांच्या स्प्रिंगला हा हिशेब लागू होत नाही. तोही लागू होतो. उभ्या गाडीखाली स्प्रिंग किती दबायची हे तिच्यावरचा भार ठरवतो, कॉलर नव्हे. त्यामुळे आधी दिलेला दाब गाडीच्या भारापेक्षा कमी आहे तोवर उभ्या गाडीखालची स्प्रिंग त्याच अवस्थेत असते.

मग कॉलर आवळल्यावर गाडी कडक का वाटते? हा अनुभव खोटा नाही, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. चाक खड्ड्यात उतरण्यासाठी वरच्या उदाहरणात पूर्वी 60 मिलिमीटर मोकळीक होती, ती आता 50 राहिली. चाक खाली जाताना शॉकअपचा दांडा लवकर टोकाला लागतो आणि खट् असा आवाज घेऊन धक्का अंगावर येतो. उलट कॉलर सैल करून गाडी खाली घेतली, तर दबण्याची मोकळीक कमी होते, शॉकअप चाल संपते तिथल्या बंप स्टॉपच्या रबरावर आदळतो आणि तेव्हाही गाडी कडकच वाटते. दोन विरुद्ध कृतींमधून एकच भावना येत असेल, तर ती स्प्रिंगमधून येत नाही हे ओळखायला हवे. ज्यांच्या संचात उंची नळीच्या खालच्या कंसावरून जुळवता येते, त्यांनी कॉलरला हात न लावता तोच मार्ग घ्यावा, कारण त्यात शॉकअपची चाल अबाधित राहते. मात्र टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासत नाही ना, हे स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर उचलून एकदा पाहिलेच पाहिजे.

कडकपणा खरोखर हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि ती किती बदलावी यालाही हिशेब आहे. गाडीच्या वजनाखाली स्प्रिंग 120 मिलिमीटर दबत असेल तर त्या टोकाची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 1.4 येते; 60 मिलिमीटर दबत असेल तर सुमारे 2. पहिला आकडा घरगुती गाडीचा आहे, दुसऱ्याकडे जाताना मागच्या आसनावरच्या आजी बोलू लागतात.

खालच्या गाडीची पकड चांगली, हे विधान गुरुत्वमध्यापुरते खरे आहे. गुरुत्वमध्य 550 मिलिमीटरवरून 520 वर आला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली येताना लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बाहेरचे टोक वर जाते आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांमधले अंतर वाढले की तीच स्प्रिंग असतानाही गाडी अधिक कलते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) आणि लोअर आर्मचा कोनही एकमेकांशी जुळेनासा होतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरच्या उंचवट्यावर चाके आपोआप किंचित वळतात. गाडी जमिनीवर उभी असताना खाली वाकून पाहावे: लोअर आर्म आडवा असेल किंवा बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेला असेल, तर ठीक, बाहेरचे टोक आतल्यापेक्षा वर गेले असेल, तर दिसण्यासाठी पकड खर्ची पडली आहे.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता काही वर्षांत लाटेसारखा होतो. अशा रस्त्यावर चाकाला दोन्ही दिशांना चाल लागते. गतिरोधकांचे काय सांगावे! भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असावा. गावाच्या वेशीवर रातोरात उभा राहणारा गतिरोधक हे मानक वाचून बांधलेला नसतो. माझ्या मते इथे रोज चालणारी गाडी 20 ते 25 मिलिमीटरपेक्षा अधिक खाली घेऊ नये, आणि चार माणसे व सामान भरून ती उंची तपासावी. रिकाम्या गाडीवर केलेले मोजमाप पहिल्याच लग्नसराईला उघडे पडते.

दोन तासांत बसतात, हे केवळ बोल्ट उघडून लावण्यापुरते मान्य करता येईल. मूळ स्ट्रट सुटा करताना स्प्रिंग दाबून धरणारे साधन दोन्ही बाजूंनी नीट बसलेले असावे लागते, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती जीवावर बेतते. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी, ब्रेकचा कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळू देऊ नये आणि एबीएसची तार आधी मोकळी करावी. शॉकअपच्या दांड्यावरचा नट हवेच्या गनने आवळू नये. दांडा आत गरगर फिरून सीलचे नुकसान होते. या सगळ्यांत ज्याचा उल्लेख संदेशात औषधालाही नाही, ती गोष्ट लोअर आर्मच्या रबरी बुशची आहे. हे रबर आतल्या नळीला चिकटवलेले असते आणि आर्म हलताना ते पिळले जाते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली टेकताच बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि उभ्या गाडीतही तसाच पिळलेला राहतो. माझ्या गाडीचे काम एका गॅरेजने असेच केले. मीही शेजारी उभा होतो आणि मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. वर्षभरात दोन्ही बुश फाटले. यासाठी आधी सगळे बोल्ट हाताने लावावेत, गाडी चाकांवर टेकवून थोडी पुढेमागे ढकलावी आणि मगच टॉर्क पान्याने अखेरचे आवळावे.

उंची टेपने सारखी केली की झाले, या मुद्द्यात दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत. पहिली अशी, की मडगार्डपर्यंतची उंची सारखी दिसली म्हणजे भार सारखा वाटला गेला असे नसते. बाजेच्या एका पायाखाली वीट सरकवली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जातो, उरलेले दोन हलके होतात. एका कोपऱ्याची कॉलर फिरवल्यावर नेमके हेच घडते. चारही चाकांखाली ठेवायचे वजनकाटे उपलब्ध नसतील तर निदान चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी पोती ठेवून, सपाट फरशीवर, डावी-उजवी बाजू आट्यांच्या मोजणीने सारखी ठेवावी. दुसरी चूक अलाइनमेंटची. स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सुटले की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा तिरपेपणा) बदललाच, आणि उंची बदलली की टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) बदलला. एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवे घासले जाते. संभाजीनगरहून पुण्याला जाऊन येईपर्यंत ही घसट दोन किलोमीटरवर पोचते. टायर आतल्या कडेने झिजले की लोक कॅम्बरला दोष देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार टो असतो.

क्लिक बंद ठेवण्याचा सल्ला तर आपल्या रस्त्यांवर उलटाच पडतो. अनेक संचांत क्लिकचा तो एक स्क्रू मुख्यतः दबलेल्या शॉकअपचे परत उघडणे रोखतो. तो पूर्ण बंद केला, तर एका लाटेवर दबलेले चाक दुसरी लाट येण्याआधी परतत नाही आणि प्रत्येक लाटेगणिक गाडी खाली खाली बसत जाऊन शेवटी बंप स्टॉपवर चालू लागते. मोजणी बंद टोकापासून करावी, मधल्या क्लिकवर सुरुवात करावी आणि ओळखीच्या एकाच रस्त्यावर, एका वेळी दोन क्लिक बदलून फरक वहीत लिहावा.

कायद्याविषयी थोडक्यात. उंची नोंदणीपत्रावर छापलेली नसते म्हणून काहीच लागू होत नाही, हा तर्क टिकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 182 अ कलमाचे चौथे उपकलम परवानगीबाहेरच्या बदलांबद्दल आहे आणि त्यात नवे भाग बसवण्याचाही उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, हेही ओघानेच आले.

राहिला मूळ शॉकअप विकण्याचा मुद्दा. कॉइलओव्हरचा शॉकअप हा कधी ना कधी तेल गाळणारा भाग आहे, आणि काळ्या मातीची धूळ आट्यांत बसून कॉलर जाम होते ती वेगळीच. दुरुस्तीसाठी संच खोलला की तो परत येईपर्यंत गाडी कशावर तरी उभी राहावी लागते. माझे मूळ स्ट्रट स्प्रिंगसकट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेले आहेत, आणि गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे गाडी त्यांच्यावरच चालली.