डिडन्ट केम

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत यायचं. तोवर पाढे पाठ झालेले, म्हणून सरांनी क्रियापदांनाही तीच चाल लावली. बे एके बे, बे दुणे चार; गो वेंट गॉन, कम केम कम. आजही कुणी नुसतं 'वेंट' म्हणून थांबलं, की 'गॉन' म्हटल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नियम सोपा होता, शेवटी ईडी लावा. (तेव्हा ईडी लागली की फक्त क्रियापद भूतकाळात जायचं.) आम्ही वॉकेड, लूकेड, जंपेड असं ठणठणीत ओरडायचो. त्यातला 'ए' गिळून 'वॉक्ट', 'लुक्ट' म्हणायचं असतं, हे नोकरी लागल्यावर कळलं. कट-कट-कट आणि पुट-पुट-पुट ही त्यातल्या त्यात सज्जन मंडळी. 'रीड' बदलतो, पण कागदावर पत्ता लागू देत नाही. आणि 'वेंट' मुळात 'गो'चा नाहीच! 'वेंड' नावाच्या भलत्याच क्रियापदाचं पोर, 'गो'नं दत्तक घेतलेलं.

हेही पचलं. घशात अडकला तो 'डिड'. हा थोरला भाऊ वाक्यात आला, की सगळा भूतकाळ एकटा सांभाळणार आणि धाकट्या क्रियापदानं मुकाट मूळ रूपात बसायचं. आपल्याकडे 'आलो नाही' म्हटलं तरी 'आलो' आपल्या जागी शाबूत असतो. त्यामुळे माझ्या तोंडून 'डिडन्ट केम'च निघायचं.

एकदा तापामुळे दांडी झाली. दुसऱ्या दिवशीही अंग कणकणत होतं, म्हणून साहेबांना फोन लावला. साहेब इंग्रजीचे भोक्ते.

"सर, यस्टर्डे आय डिडन्ट केम..."

"कम."

"सर, पण फीवर..."

"अहो, कम! कम!"

साडेदहाला मी मफलर गुंडाळून ऑफिसात हजर. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, मी व्याकरण सांगत होतो."

सगळ्यात जास्त हसले ते शेजारच्या टेबलावरचे, चेन्नईहून बदलून आलेले सहकारी. पण ते तेव्हा मराठी शिकत होते. डबा उघडून म्हणाले, "मी पोळी खाल्लो."

"खाल्ली. पोळी ती ना, म्हणून."

"बरं. मग मी कॉफी प्याली."

"नाही, तिथं प्यालो."

"कॉफी ती नाही?"

"ती आहे, पण पिताना तिला विचारत नाहीत."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "आणि 'जा'चं 'गेला' कसं? 'ज' कुठं गेला?"

आता काय सांगणार? आपला 'गेला'ही संस्कृतातल्या 'गम्' धातूच्या घरून दत्तक आलेला. मी घसा खाकरला, टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि म्हटलं, "म्हणा माझ्यामागून. जा गेला, ये आला, कर केला..."